पिवळा ठिपका

लेडबरी, ६ मार्च २०१६

एड्रियन,

नावाआधी ‘प्रिय’ लिहावं का, या विचारात एक कप चहा थंड झाला. शेवटी नुसतं नाव ठेवलं. कौन्सिलच्या कचेरीत पार्किंगच्या दंडाविरुद्ध आलेल्या अर्जांना मी दिवसभर ‘प्रिय महोदय’ म्हणून नकार कळवत असते. माझ्या हातून तो शब्द आला की समोरच्याने धसका घ्यावा, अशी त्याची अवस्था आहे.

बातमी अशी की डॅडना मी वृद्धाश्रमात ठेवलं. त्यांनी विजेची किटली गॅसवर ठेवली आणि ती वितळून खाली गळायला लागली तेव्हा ‘हल्ली माल चांगला येत नाही’ म्हणून तिच्याकडे बघत बसले. ते मला कधी नोरा म्हणतात, कधी ‘कौन्सिलच्या बाई’. आईच्या नावापेक्षा ते दुसरं मला जास्त शोभतं.

आता घर रिकामं करायचं आहे. आईची पडद्यांची शिलाई, डॅडना पंप-कारखान्याकडून मिळालेली घड्याळं, तुझी खोली (होय, ती तशीच होती, डॅडनी दार कधी उघडलं नाही आणि कधी कुणाला उघडूही दिलं नाही) सगळं हललं. एकच वस्तू हलत नाही. कोणती ते तुला सांगायला नको.

ती गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली आहे. पुढचं डावं चाक तसंच आत मुडपलेलं, बसलेल्या गाईच्या पायासारखं. त्या दिवशी ओढून आणून ठेवली त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबातले मिस्टर टिबिट बघून गेले. त्यांना ती हवी आहे. पण ते म्हणाले, “बाईसाहेब, चाकांवर उभी करून द्या. अशी लंगडी नेली तर क्लबात लोक मला हसतील.” क्लबातले लोक एरवी कशाला हसतात हे मला अजून कळलेलं नाही.

तर पुढचं सस्पेन्शन मी नव्याने बांधायला घेतलंय. मीच. हसू नकोस. लहानपणी तू दिवा धरायचास आणि मी फडका. फडका धरणाऱ्यालाही दिसतं.

पण ते दिवा धरणाऱ्याचं काम आहे, हेही मला ठाऊक आहे. तुझ्या ओबानहूनही आगगाड्या सुटतात, असं ऐकते.

हेझल


लेडबरी, १७ एप्रिल

एड्रियन,

तुझं उत्तर नाही. मी ते ‘अर्ज विचाराधीन’ असं धरून चालले आहे.

काम सुरू केलं. टिबिट शनिवारी येतात, स्टुलावर बसतात, आणि मी काय चुकवते ते सांगतात. हात लावत नाहीत. त्यांची पाठ दुखते. जीभ दुखत नाही. स्प्रिंग काढण्याआधी म्हणाले, “ही दाबून बांधून घेतल्याशिवाय सोडलीत तर छपरातून जाईल. ग्लॉस्टरच्या एका सभासदाची गेली. शेजाऱ्याच्या कोबीत सापडली.”

“आणि सभासद?” मी विचारलं.

“तो ठीक आहे. पण तेव्हापासून तो बोटीच घेतो.”

स्प्रिंग निघाली, छप्पर शाबूत आहे. आता जे सांगायचं ते सांगते. हे पत्र मी त्यासाठीच घेऊन बसले आणि कोबीपाशी रेंगाळले.

चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं, त्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि तो एका पितळी ठोकळ्यात फिरतो. तुला माहीत आहे. मी स्वतःसाठी लिहिते आहे, पायरी चुकू नये म्हणून. त्या ठोकळ्यात तेल घालायचं. जाड गिअर ऑइल. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तसंच लिहिलंय. आणि आपल्या घरी काय भरायचे? दर गुड फ्रायडेला डॅड बाही सरसावून ग्रीसचा पंप घ्यायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणायचे, “तेल गळतं, ग्रीस टिकतं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी कधी फरशी पुसलेली नसते.” आई म्हणायची, “ख्रिस्ताच्या दिवशी तरी कुणाशी वाद घालू नका,” आणि ते म्हणायचे, “मी वाद घालत नाही, पुस्तक घालतंय.”

टिबिट सांगतात, क्लबात आजही तेलवाले आणि ग्रीसवाले असे दोन तट आहेत आणि वार्षिक जेवणाला ते वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. टिबिट तेलवाले. ग्रीसवाल्यांचं टेबल दर वर्षी थोडं लहान होत जातं, असं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं.

ठोकळा उघडला. आत ग्रीस नव्हतं. आत होतं ते जुन्या मेणबत्तीच्या बुडख्यासारखं, घट्ट, तपकिरी, नखानेही न उकरलं जाणारं. त्याच्यामागे पाणी साचलं होतं. आटे गंजून झिजून गेले होते. आणि दांडा जिथे तुटला आहे, तिथे तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून मोठा भाग काळा आणि गुळगुळीत आहे, उरलेलाच खरखरीत. टिबिट स्टुलावरून उठले. पहिल्यांदा. भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, “ही चीर जुनी. महिनोन्‌महिने वाढत होती. शेवटी जरासं राहिलं होतं, ते कुठल्याही साध्या वळणावर गेलं असतं.”

मी विचारलं, “दगडावर आपटली तर?”

“मग चाकाच्या रिमला पोचा पडला असता. रिम बघा की. गोल आहे.”

रिम गोल आहे, एड्रियन. मी बोट फिरवून बघितलं, मग परत फिरवून बघितलं.

चर्चच्या वळणावरच्या त्या पांढऱ्या दगडाला तू गाडी आपटली नाहीस. तू तेव्हाच सांगत होतास. चाक आधी गेलं आणि गाडी मग खड्ड्यात गेली, असंच तू म्हणत होतास, आईला स्ट्रेचरवर घेत होते तेव्हासुद्धा. आणि डॅड म्हणत होते, “आधी आपटलास, मग चाक गेलं.” पुढे आईचं कंबरेचं हाड जुळलं पण पाय आखूडच राहिला, आणि काठी टेकत ती स्वयंपाकघरात आली की दर वेळी डॅड तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे. आई एकदाच म्हणाली, “क्लिफर्ड, काठी माझी आहे. तुम्ही कशाला तिचा आवाज ऐकता?”

तुझं म्हणणं खरं होतं, हे कळवायला मला इतका उशीर झाला. हे टपालाचं काम नव्हे, पण फोन तू उचलत नाहीस.

डॅडना सांगणार आहे. ते जिवंत आहेत तोवर त्यांनी एकदा ‘पोराची चूक नव्हती’ म्हणावं, एवढंच मला हवंय. मग तू येशील. येशील ना?

हेझल


लेडबरी, १५ मे

एड्रियन,

सांगितलं.

तुटलेला तुकडा टॉवेलात गुंडाळून आश्रमात नेला. दारावरच्या मुलीने पर्स तपासली आणि म्हणाली, “हे काय?” मी म्हटलं, “घरातली जुनी वस्तू. ओळख पटते का बघायची.” तिथे सगळे फोटो आणतात.

डॅड बागेत होते, गुडघ्यावर पांघरूण, बशीत दोन आल्याची बिस्किटं. मला बघून म्हणाले, “बाई, आमच्या दारासमोरच्या पार्किंगच्या खुणा पुन्हा रंगवा, पुसल्यात.” मी हो म्हटलं आणि तुकडा हातात दिला.

एड्रियन, तू बघायला हवं होतंस. त्या माणसाला आपला शर्ट कुठे संपतो ते कळत नाही, पण लोखंड हातात आलं आणि बोटं जागी झाली. उजेडाकडे धरलं. अंगठा त्या काळ्या भागावरून फिरवला, आटे नखाने खरवडले, नखावरचं हुंगलं.

“कुणाची गाडी?”

“ओळखीच्या एका माणसाची.”

“गाढव आहे.”

“का हो?”

“ग्रीस भरलंय त्याने. इथे तेल लागतं. गिअर ऑइल. ग्रीस आत सुकतं, पाणी अडकतं, आटे कुजतात. असल्या माणसाच्या हातात गाडी द्यायचीच नाही.” मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, “कुणाला लागलं का?”

“बायकोला. तिचा पाय अधू झाला.”

“अरेरे.” त्यांना खरंच वाईट वाटलं. “आणि चालवत कोण होता? तो गाढवच?”

“नाही. त्याचा मुलगा.”

“मग मुलाचा काय दोष! त्याला सांगा, त्या पोराची माफी माग म्हणावं.”

मी तिथे थांबायला हवं होतं. मला हवं होतं ते वाक्य मिळालं होतं; टॉवेलात गुंडाळून ओबानला पाठवता आलं असतं. पण मी कौन्सिलची बाई, कागदावर नाव लागल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हटलं, “डॅड, ही तुमची गाडी आहे. ते ग्रीस तुम्ही भरलं होतं.”

त्यांनी तुकडा बशीत ठेवला, बिस्किटांच्या शेजारी. मग अगदी सरळ, एखादा पत्ता सांगावा तसं म्हणाले, “माझी गाडी एड्रियनने आपटली. चर्चच्या दगडावर.”

त्यांना आईचं जाणं आठवत नाही. माझं नाव आठवत नाही. स्वतःचा वाढदिवस सांगितला की दुसऱ्याच्या वाढदिवसासारख्या टाळ्या वाजवतात. सगळं घर रिकामं झालं आणि भिंतीत ठोकलेला एक खिळा तेवढा राहिला.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. आता लिहिते, कारण ती माझ्या एकटीच्याने पेलवत नाही. डॅडची सवय आठवते? स्वतःच्या हाताने आवळलेल्या प्रत्येक नटावर ते पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचे. ‘ठिपका नसेल तर माझी जबाबदारी नाही.’ त्या पितळी ठोकळ्याचे नट मी सोडले तेव्हा प्रत्येकावर पिवळा ठिपका होता. मला वाटलं, गुड फ्रायडेचे असतील. पण एका ठिपक्याचा ओघळ खाली गेला होता आणि दांड्याच्या तुटलेल्या तोंडावर येऊन वाळला होता.

म्हणजे दांडा तुटल्यानंतर त्यांनी ते उघडलं. आत बघितलं. जे टिबिटना भिंगातून दिसलं ते त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसलं असणार. त्यांची नजर तशी होती. मग नट परत लावले, आवळले, सवयीने ठिपके लावले, ताडपत्री ओढली आणि घरात येऊन जेवायला बसले.

त्यांना सगळं ठाऊक होतं. बिस्किटाच्या बशीत मी त्यांना नवीन काहीच दिलं नाही.

नवे दांडे, नवे ठोकळे, सांध्यांत बसणारे नवे रबरी बुश आले आहेत. मी बांधते आहे. आता का बांधते, ते मला विचारू नकोस.

हेझल


लेडबरी, १२ जून

एड्रियन,

गाडी चाकांवर उभी आहे.

टिबिटना माझ्यात काही दोष काढता येईना, म्हणून ते हवामानाला बोलत होते. मग शेवटची गोष्ट राहिली. रबरी बुशांचे नट गाडी जॅकवर असताना घट्ट करायचे नसतात. हवेत आवळले तर गाडी खाली बसताना रबर पिळवटतं आणि काही महिन्यांत फाटतं. गाडी आपल्या पायांवर, आणि पुढच्या दोन्ही सीटवर माणसांचं वजन. मगच शेवटचं आवळणं. पुस्तकातच आहे. नवशिके हमखास इथेच चुकतात, असं टिबिट म्हणाले, आणि मी चुकले नाही म्हणून जरा हिरमुसले.

पहिल्या पत्रापासून माझ्या मनात काय होतं, ते सांगून टाकते. उजव्या सीटवर डॅड, डाव्यावर तू. मी खाली, पाना घेऊन. एवढं जमलं असतं तर बाकीचं तुम्ही दोघांनी वर बसून काहीही केलं असतं, भांडला असतात तरी चाललं असतं, वजन तर पडलं असतं.

तू आला नाहीस. टिबिटना पाठीमुळे इतक्या बुटक्या सीटवर बसता येत नाही. डॅडना आश्रमातून दुपारपुरतं आणलं, उजवीकडे बसवलं. त्यांनी लगेच दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी. डाव्या सीटवर वाळूची पोती ठेवली. टिबिटनी पट्टा लावला पोत्यांना. “सवय,” म्हणाले.

मी गाडीखाली सरकले. पहिला नट घेतला. वरून डॅडचा आवाज आला. आधी मला वाटलं माझ्याशी बोलताहेत.

“नोरा, नीट बसलीस ना?”

मी पाना थांबवला.

“पोराचं काही पत्र?” मग थोडं थांबून, उत्तर ऐकल्यासारखं, “नाही येणार. माझ्यावर गेलाय.”

टिबिटचे बूट मला दिसत होते. ते हलले नाहीत.

“त्याने एकदा ‘मी आपटली’ म्हणावं, नोरा. एकदाच. मी काही बोलणार नाही. दार उघडं आहे. नुसतं तेवढं म्हणाला ना, की मी झोपेन.”

मग जरा वेळाने, “त्या खालच्या माणसाला सांग, ठिपका लावायला विसरू नको.”

मी सगळे नट आवळले. ठिपके लावले. पिवळा डबा शेल्फवर तिथेच होता, रंग वर जाड साय धरून, खाली ओला. मग डॅडना परत सोडून आले. वाटेत मला म्हणाले, “तुमचा मेकॅनिक चांगला आहे. गप्प काम करतो.”

हे मी आजवर नाकारलेल्या सगळ्या अर्जांपेक्षा निर्लज्ज आहे, पण करते. तू ये आणि म्हण, ‘मी आपटली.’

तू आपटली नाहीस. मला ठाऊक, तुला ठाऊक, टिबिटना ठाऊक. आणि सगळ्यात आधी त्यांना ठाऊक होतं. खोटं आहे. ज्याने तुझ्यावर लादलं त्याच्याचसाठी आता तू ते स्वतःहून उचल, असं मी म्हणते आहे. तुला यायचं नसेल तर दोन ओळी लिही, मी वाचून दाखवीन. ते फार दिवसांचे नाहीत. छातीत पाणी होतंय, डॉक्टर खांदे उडवतो.

त्यांना झोप हवी आहे, एड्रियन. न्याय तुला मी दिला. तो फडका धरणाऱ्याने दिलेला आहे, फारसा किमती नाही, पण माझ्याकडे तोच होता.

हेझल


लेडबरी, २४ जुलै

एड्रियन,

तुझं कार्ड मिळालं. पुढे ओबानचं बंदर, मागे तुझं अक्षर. सव्वीस वर्षांत अक्षर बदललं नाही. अजून ‘ली’ची वेलांटी भिंतीवर चढल्यासारखी.

‘मी आपटली नाही.’

तेवढंच. सही नाही, डॅडना काही नाही, मला काही नाही. ठीक. मी रागावणार होते, पण दाराशी उभी राहून हसले. पुस्तक लिहिणारे कधी फरशी पुसत नाहीत म्हणणारा माणूस आणि तू, दोघे एकाच साच्यातून काढलेत. आई मध्ये पोत्यासारखी बसली होती म्हणून तुमचं रबर इतकी वर्षं फाटलं नाही.

वाटलं होतं, डॅडना काहीतरी बनवून वाचून दाखवावं. ‘मी आपटली, चुकलं, तुमचा एड्रियन.’ कार्ड हातात धरून तोंडही उघडलं होतं. पण त्यांनी ते माझ्या हातून घेतलं. वाचता अजून येतं, मला माहीत नव्हतं. तिन्ही शब्द वाचले. कान लाल झाले.

“बघितलंस?” म्हणाले. “अजून तेच.”

मी म्हटलं, “हो.”

“पण लिहिलंय,” म्हणाले. कार्ड उलटून बंदर बघितलं, बोटी मोजायला लागले, मग परत उलटलं. “कधी आलं?”

“आजच.”

कार्ड त्यांच्या उशाशी दिव्याला टेकवून ठेवलंय. रात्रीत सगळं पुसलं जातं. सकाळी डोळे उघडले की तिथे मुलाचं पत्र. वाचतात, कान लाल होतात, “बघितलंस?” आणि मग विचारतात, “कधी आलं?” आश्रमातल्या मुलींना मी सांगून ठेवलंय, ‘आजच आलं’ म्हणा. झोप आलेली नाही. पण सकाळी उठून बसायला त्यांना कारण झालंय, आणि हल्ली ते दुसऱ्या कशासाठी उठत नाहीत.

गाडी टिबिटनी घेतली. चर्चच्या वळणावरून मीच चालवत नेऊन दिली. चाक सरळ राहतं. दगड तिथेच आहे. कुणीतरी त्याला नव्याने पांढरा रंग दिलाय. आमच्याच खात्याने असेल.

परवा डॅडनी पेन मागितलं. म्हणाले, “त्याला उत्तर द्यायला हवं.” मी कोरं कार्ड दिलं. एक शब्द लिहायला सकाळ गेली. मग माझ्याकडे देऊन म्हणाले, “लवकर टाका, बाई. पोरगा वाट बघत असेल.” दुसऱ्या दिवशी त्यांनी परत पेन मागितलं, आणि तिसऱ्या दिवशीही. सगळ्या कार्डांवर तोच शब्द आहे. अक्षर रोज थोडं खाली घसरतंय. त्यातलं पहिलं सोबत पाठवते. वाचण्याआधी खाली बस.

‘आपटलीस.’

बाकीची माझ्याकडे आहेत.

तुला एकच मागते, आणि या वेळी खोटं काही मागत नाही. दिव्याची ऊब लागून तुझ्या कार्डाची शाई फिकी होत चालली आहे. दुसरं पाठव. तेच तीन शब्द चालतील.

हेझल